प्रथिनांचा डबा विकत घेण्यापूर्वी

हल्ली मानखुर्द, गोवंडी, ट्रॉम्बे या बाजूस व्यायामशाळा पुष्कळ झाल्या आहेत. एके काळी मुंबईतील तरुण तालमीच्या तांबड्या मातीत जोर-बैठका काढीत. आता त्यांचीच नातवंडे आरशांपुढे उभी राहून लोखंडी वजने उचलतात. या फरकाविषयी आमची तक्रार नाही. शरीर कमावण्याची हौस ही वाईट हौसांपैकी नव्हे, आणि सायंकाळचे दोन तास नाक्यावर घालविण्यापेक्षा ते व्यायामात गेलेले केव्हाही बरे. परंतु या हौसेच्या पाठोपाठ एक मोठा, चकचकीत डबा घरात येऊ पाहतो. मुलगा त्याकरिता वडिलांपाशी हट्ट धरतो, अडीच-तीन हजार रुपये ही किंमत ऐकून आईच्या कपाळास आठ्या पडतात, आणि डब्यात नेमके काय आहे हे मात्र त्या तिघांपैकी कोणासच ठाऊक नसते. या डब्याविषयी विद्यार्थी व पालक उभयतांस काही निश्चित माहिती असावी, एवढ्याच हेतूने पुढील मजकूर लिहिला आहे.

प्रथम प्रथिने म्हणजे काय ते पाहू. 'प्रोटीन' हा शब्द १८३८ साली मुल्डर नावाच्या डच रसायनशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केला. तो त्यास स्वीडनच्या बर्झेलियसने सुचविला होता. 'अग्रस्थानी असलेले' असा त्याच्या ग्रीक मुळाचा आशय आहे. माळेत मणी ओवावेत त्याप्रमाणे अमिनो आम्ले एकमेकांस जोडली जाऊन प्रथिन बनते. हे मणी वीस प्रकारचे. त्यांपैकी नऊ प्रकार आपल्या शरीरास स्वतः घडविता येत नाहीत, ते अन्नातूनच मिळवावे लागतात. आपण खाल्लेले प्रथिन पोटात व आतड्यांत पचते, म्हणजे माळ तुटून मणी सुटे होतात, आणि त्या मण्यांतून शरीर आपल्यास हवी ती नवी माळ ओवते. स्नायूस तो मणी मटकीच्या उसळीतून आला की परदेशी डब्यातून, हे कळत नाही. ज्याने ही एक गोष्ट ध्यानात ठेविली त्यास पुढील बहुतेक जाहिराती फसवू शकणार नाहीत.

आता रोज किती प्रथिने हवीत? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली जी प्रमाणे ठरविली त्यांप्रमाणे प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलास ४५ व मुलीस ४३ ग्रॅम, सोळा ते अठरा वर्षांच्या मुलास ५५ व मुलीस ४६ ग्रॅम प्रथिने पुरेशी होत. स्पर्धेसाठी कसून सराव करणाऱ्या प्रौढ खेळाडूंना किलोमागे सुमारे १.२ ते २ ग्रॅम लागतात असे क्रीडावैद्यकातील जाणकार सांगतात. पण शाळा सुटल्यावर तासभर वजने उचलणारा मुलगा त्या पंक्तीस बसत नाही.

ही संख्या घरच्या ताटात भरते का, याचा हिशेब आमच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. त्रैराशिकापेक्षा तो कठीण नाही. सहा पोळ्यांतून अठरा-एकोणीस ग्रॅम, दोन वाट्या आमटीतून बारा-तेरा, वाटीभर मटकीच्या उसळीतून सात, दोन वेळच्या भातातून सात, पेलाभर दुधातून सहा, मूठभर फुटाण्यांतून सहा, एका अंड्यातून सहा. बेरीज साठीच्या घरात जाते. ट्रॉम्बे कोळीवाड्याकडून येणारा सुका बोंबील किंवा जवळा ज्यांच्या घरात शिजतो त्यांचे काम याहून सोपे आहे, कारण सुक्या बोंबलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. डाळीत जे आवश्यक अमिनो आम्ल कमी पडते ते धान्यात असते आणि धान्यात जे कमी ते डाळीत. म्हणून वरण-भात अथवा खिचडी एकत्र खाण्यात आपल्या आज्यांनी जे साधले ते रसायनशास्त्रासही मान्य आहे.

पैशाचा हिशेबही करावा. किलोच्या एका चांगल्या डब्यात सातशे-साडेसातशे ग्रॅम प्रथिने मिळतात असे धरू. तेवढीच प्रथिने सुमारे साडेतीन किलो फुटाण्यांत किंवा दीड किलोच्या आतबाहेर सोयाबीनच्या वड्यांत मिळतात, आणि या दोहोंचा खर्च डब्याच्या किमतीच्या पाव हिश्शाजवळच राहतो. भुकटीच हवी असेल तर तीही नवी गोष्ट नव्हे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ पंचाहत्तर भाग व हरभऱ्याचे पीठ पंचवीस भाग मिसळून, त्यात जीवनसत्त्वे व क्षार घालून एक 'बहुउद्देशीय अन्न' तयार केले होते. त्यात शेकडा चाळिसाहून अधिक प्रथिने असत. भाजलेल्या डाळ्यांचे व दाण्यांचे पीठ गूळ घालून दुधात कालविले तर त्याच जातीचा पदार्थ घरात तयार होतो. फक्त दाणे निवडताना कुजकट, सुरकुतलेले, काळे-हिरवे पडलेले किंवा बुरशीचा वास येणारे दाणे निर्दयपणे फेकून द्यावेत. त्याचे कारण पुढे येईल.

येथे पालकांस एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. पुष्कळ घरांत हा डबा व्यायामाकरिता येत नाही. मूल अंगास भरत नाही म्हणून येतो. मूल हडकुळे राहते, लवकर थकते, वजन वाढण्याऐवजी घटते, दोन आठवड्यांहून अधिक खोकते, सायंकाळी कणकण येते, तेव्हा दुकानदारास विचारून भुकटी आणणे म्हणजे आजारावर पांघरूण घालणे होय. आमच्या या दाटीच्या वस्त्यांत क्षयरोग कोणास अपरिचित नाही. आधी थुंकीची तपासणी, छातीचे चित्र आणि डॉक्टरांचा सल्ला. मग खाण्याचा विचार. क्षयाच्या उपचारांत व प्रतिबंधात अन्नाचे महत्त्व किती आहे हे झारखंडातील चार जिल्ह्यांत झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने दाखविले. रुग्णांच्या घरच्या माणसांस दरमहा तांदूळ व डाळ यांचा जादा शिधा आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटले. तांदूळ आणि डाळ! ज्या घरात एवढा शिधा पुरेसा नाही तेथे तीन हजारांचा डबा आणणे म्हणजे छप्पर गळत असता दाराला रंग देणे आहे. शिवाय एकूण अन्नच अपुरे असले तर शरीर प्रथिने स्नायूंकडे न पाठविता सरपणासारखी जाळून टाकते.

इतके असूनही ज्यास डबा घ्यावयाचाच आहे, विशेषतः वयात आलेला खेळाडू, अथवा ज्यास डॉक्टरांनी तसे सांगितले आहे, त्याने तो कसा निवडावा? मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून त्यास हातही लावू नये. पुष्कळ डब्यांवर अठरा वर्षांखालील मुलांनी घेऊ नये असे बारीक अक्षरांत छापलेले असते; ते वाचणारा विद्यार्थी आम्हांस अद्याप फारसा आढळला नाही.

'व्हे' हा शब्द डब्यावर बहुधा मोठ्या अक्षरांत असतो. पनीर करताना दूध फाडले की जे हिरवट-पिवळे पाणी खाली राहते तेच हे. चीजच्या कारखान्यांत असे पाणी फार उरते. ते गाळून व वाळवून ही भुकटी करतात. 'कॉन्सन्ट्रेट' म्हणजे बहुधा शेकडा ऐंशीपर्यंत प्रथिने असलेली, 'आयसोलेट' म्हणजे नव्वदीच्या आसपासची. पहिल्या प्रकारात दुधातील साखर अधिक राहते, म्हणून ज्यांस दूध पचत नाही त्यांचे पोट तिने फुगते. 'मास गेनर' म्हणून विकला जाणारा अवाढव्य डबा मात्र निराळ्याच जातीचा आहे. त्यात बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन किंवा तशीच साखरेची भावंडे असतात आणि प्रथिने थोडी. वजन वाढते खरे, पण ते कशाचे, हे आरसा सांगत नाही.

डबा हातात घेतल्यावर पुढचे चित्र न पाहता मागची बाजू वाचावी. घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागतात. जो घटक प्रथम तो सर्वांत अधिक. एका मात्रेचे वजन व तीतील प्रथिने दोन्ही दिलेली असतात, भागाकार करावा. तेहेतीस ग्रॅमच्या चमच्यात चोवीस ग्रॅम प्रथिने असतील तर ते शेकडा सुमारे त्र्याहत्तर झाले. पन्नास ग्रॅमच्या चमच्यात पंधरा असतील तर आपण पीठ आणि साखर विकत घेत आहो.

पण छापलेला आकडा खरा कशावरून? येथे थोडे शास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील योहान केल्दाल याने १८८३ साली प्रथिने मोजण्याची एक युक्ती काढली. प्रथिनांत नत्र सुमारे शेकडा सोळा असते. म्हणून पदार्थातील नत्र मोजून त्यास ६.२५ ने गुणले की प्रथिनांचे प्रमाण निघते. ही रीत आजही जगभर चालते. तिची खोड एवढीच की ती नत्र मोजते, आणि ते कोठून आले हे विचारीत नाही. नत्र ज्यात पुष्कळ आहे असा कोणताही स्वस्त पदार्थ मिसळला की आकडा फुगतो. चीनमध्ये २००८ साली बालकांच्या दूधभुकटीत मेलॅमिन नावाचे, भांडी व तक्ते बनविण्याच्या कामी येणारे रसायन याच हेतूने मिसळले गेले. सहा अर्भके दगावली आणि सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. प्रथिनांच्या डब्यांत मेलॅमिनऐवजी ग्लायसिन, टॉरिन यांसारखे स्वस्त सुटे पदार्थ घालण्याची चाल आहे. ते विषारी नव्हेत. पण त्यांच्या नत्राचे पैसे आपल्याकडून दुधाच्या प्रथिनांच्या भावाने घेतले जातात. म्हणून घटकांच्या यादीत ही नावे वेगळी दिसली, अथवा 'आमचे खास मिश्रण' म्हणून प्रमाणे लपविलेली आढळली, तर तो डबा परत फळीवर ठेवावा.

हा संशय काल्पनिक नाही. कोची येथील राजगिरी रुग्णालयातील यकृतरोगतज्ज्ञ व त्यांचे सहकारी यांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रकारच्या प्रथिन-भुकट्या तपासून त्यांचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध केला. सुमारे सत्तर टक्के डब्यांवरील प्रथिनांचा आकडा खोटा ठरला. काहींत तर छापल्याच्या निम्मीच प्रथिने निघाली. सुमारे चौदा टक्के डब्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आणि आठ टक्क्यांत कीटकनाशकांचे अवशेष सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी जी नवी आहारसूत्रे प्रसिद्ध केली त्यांतही या भुकट्या टाळण्याचा सल्ला आहे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना याचा थोडा पडताळा शाळेच्या प्रयोगशाळेत घेता येईल, मात्र शिक्षकांच्या देखरेखीखाली. भुकटी पाण्यात कालवून तीत आयोडिनचे दोन थेंब टाकावेत; निळा-काळा रंग आला तर तीत पिठूळ पदार्थ आहे. शुद्ध व्हे म्हणून विकलेल्या भुकटीत तो असण्याचे कारण नाही. दुसरी परीक्षा बाययुरेटची. दाहक सोडा व मोरचुदाचे पाणी यांनी प्रथिनांच्या द्रावणास जांभळा रंग येतो. हा रंग मण्यांच्या जोडणीमुळे येतो, म्हणून सुटे ग्लायसिन केल्दालच्या रीतीस फसविते पण बाययुरेटला फसवीत नाही. अर्थात रंगाच्या गडदपणावरून डोळ्यांनी अचूक प्रमाण काढता येत नाही, हेही त्याच तासाला शिकावे.

मात्र सर्वांत घातक वस्तू या परीक्षानळीत दिसत नाहीत. अफ्लाटॉक्सिन ही दाण्यांवर व मक्यावर वाढणाऱ्या बुरशीची देणगी. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या भागांत बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने मेली. दाणे निवडा असे वर आम्ही म्हटले ते यासाठी. दुसरी वस्तू शिसे. अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहकसंस्थेने २०२५ साली २३ भुकट्या व पेये तपासली, तेव्हा दोन-तृतीयांशांहून अधिक मालात एका मात्रेतच, तिच्या तज्ज्ञांनी दिवसभरास ठरविलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिसे आढळले. वनस्पतिजन्य भुकट्यांत ते दुधाच्या भुकट्यांहून पुष्कळ अधिक होते. तेव्हा 'वनस्पतिजन्य' किंवा 'परदेशी' हे शब्द शुद्धतेचा दाखला नव्हेत. तिसरी वस्तू म्हणजे न सांगता मिसळलेली स्नायुवर्धक संप्रेरके. जर्मनीतील कोलोन येथील प्रयोगशाळेने तेरा देशांतून आणलेली ६३४ पूरके तपासून २००४ साली जाहीर केले की त्यांपैकी ९४ मध्ये, म्हणजे जवळजवळ पंधरा टक्क्यांत, डब्यावर न छापलेली अशी संप्रेरके होती. वाढीच्या वयात ती पोटात गेली तर हाडांची वाढ वेळेपूर्वी थांबू शकते. महिन्याभरात दंड फुगविणारी भुकटी मिळाली की मित्रमंडळींत तिचे कौतुक होते. आमच्या मते तेथेच सावध व्हावे, कारण दुधाचे प्रथिन असा चमत्कार करीत नाही.

जे विद्यार्थी जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळतात त्यांच्यापुढे आणखी एक धोका आहे. शालेय क्रिकेटमध्ये २०१३ साली ५४६ धावा काढणारा आपला पृथ्वी शॉ आमच्या सर्व मुलांना ठाऊक आहे. २०१९ साली त्याच्या चाचणीत टर्ब्युटलिन हे बंदी असलेले द्रव्य आढळले. ते खोकल्याच्या औषधातून अजाणता गेले हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले, आणि तरीही त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी घातली. ती बाटली होती, डबा नव्हे. पण नियम दोहोंस एकच आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूवर. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्याने घ्यावयाचेच असेल तर ज्याची प्रत्येक खेप बंदी असलेल्या द्रव्यांसाठी तपासली जाते, उदाहरणार्थ 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट' हे चिन्ह असलेला डबा घ्यावा आणि त्यावरील खेपेचा क्रमांक त्या संस्थेच्या यादीत आहे का ते पाहावे.

आता दुकानातील गोष्टी. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे चिन्ह आणि चौदा अंकी परवाना क्रमांक असलाच पाहिजे. माल परदेशचा असेल तर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व त्याचा परवाना. 'औषधी उपयोगासाठी नाही' ही सूचनाही हवी. परवाना क्रमांक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर घालून तो खरोखर त्याच कंपनीचा आहे का हे कोणत्याही फोनवरून पाहता येते. मात्र या क्रमांकाचा अर्थ नीट समजून घ्यावा. कारखानदार सरकारदरबारी नोंदलेला आहे, एवढेच तो सांगतो. हा डबा कोणी तपासला आहे असे तो सांगत नाही. म्हणून खेपेगणिक स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल दाखविणाऱ्या कंपनीस आम्ही अधिक मान देऊ. अहवालात प्रथिनांबरोबर शिसे, कॅडमियम, अफ्लाटॉक्सिन यांची नावे असावीत, तारीख असावी, आणि खेपेचा क्रमांक डब्यावरील क्रमांकाशी जुळावा.

व्यायामशाळेतील शिक्षकाने पिशवीत सुटी बांधून दिलेली भुकटी घेऊ नये, तो कितीही सज्जन असो. ती कोणाची, कोणत्या खेपेची, केव्हा संपणारी, हे त्यासही ठाऊक नसते. पुष्कळदा त्यावर त्याची दलाली असते. खऱ्या डब्यात खोटा माल भरण्याचा धंदाही चालतो. आमच्या मंडाळ्याच्या भंगार गोदामांत कोणत्या वस्तूस किंमत येत नाही? तेव्हा रिकामा झालेला डबा भंगारात देताना त्यावरील कागद फाडावा, झाकणास भोक पाडावे. विकत घेताना झाकणाखालचे सील बोटाने चाचपून पाहावे, आणि पक्के बिल घ्यावे. बिल न देणारा दुकानदार शंभर रुपये कमी करतो, आणि त्याबरोबर आपला दाद मागण्याचा मार्गही बंद करतो.

दाद मागता येते हे पुष्कळांस माहीत नसते. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे सामान्य ग्राहकासही विकत घेतलेला खाद्यपदार्थ सरकारी अन्न-विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एवढीच की तपासणी करविण्याचा आपला इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास सांगावा लागतो. फी आगाऊ भरावी लागते. माल कायद्याविरुद्ध निघाला तर ती परत मिळते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस याच कायद्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. आपल्या राज्यातील अन्न व औषध प्रशासनाचे मुख्य कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. मानखुर्दहून हार्बर गाडीने कुर्ल्यास उतरून तेथे जाता येते. तक्रार नेताना डबा, उरलेली भुकटी, बिल व खेपेच्या क्रमांकाचे छायाचित्र बरोबर असावे, आणि भुकटी मूळ डब्यातच ठेवावी, दुसऱ्या बरणीत ओतू नये.